रेस देऊन विझवलेला लाल दिवा

सोलापूरहून अक्कलकोटला निघालेली जुनी मारुती ओम्नी वळसंगला पोचेपर्यंत चांगलीच तापलेली असते. त्यात मे महिना आणि गुरुवार असेल तर आत दर्शनाला निघालेली माणसंही दाटीवाटीने बसलेली. गतिरोधकापाशी गाडी हळू होते आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकतो. चालक थोडी रेस देतो, दिवा विझतो, गाडी पुढे निघते. इंजिनाचा घात होतो तो नेमका इथे.

हा दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. टाकी भरलेली असूनही नळाला धार नसावी, तसं इंजिनातही होतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अत्यंत पातळ थर असतो आणि तो टिकतो पंपाच्या दाबावर. इंजिन गरम असताना आयडलिंगला दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि तीन हजार फेऱ्यांना तीन किलोच्या पुढे असावा. दिव्याचा स्विच मात्र दाब जेमतेम पाव ते अर्धा किलो उरल्यावरच जागा होतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. रेस दिल्याने पंप जोरात फिरतो आणि दिवा विझतो. दाब का पडला, ते कारण जागच्या जागीच राहतं.

म्हणून दिवा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. सपाट जागा पाहून दहा मिनिटं थांबावं, पुढची सीट उचलून डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल कमी निघालं तर योग्य ग्रेडचं भरावं, आणि ते गळतंय की धुरातून जळतंय याचा शोध घ्यावा. पातळी ठीक असली तर डिपस्टिक नाकाशी धरा. जुन्या कार्ब्युरेटरच्या ओम्नीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी मात्र वाढलेली दिसते. न भरता वाढलेलं ऑइल पाहून खूश होऊ नये. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गाडी तिथूनच ओढून न्यावी. खाली वाकून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबरही पाहा. दगड लागून तो आत दबला असेल तर ऑइल ओढणारी जाळी अडते.

एवढं सगळं ठीक असेल तर विजेची बाजू तपासावी. किल्ली फिरवून इंजिन बंद ठेवल्यावर दिवा लागलाच पाहिजे. मग स्विचची वायर काढावी. दिवा विझला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली आहे. विझला, तर दोष स्विचचा असेल किंवा दाब खरोखरच कमी असेल. याच टप्प्यावर ‘स्विच बदला’ किंवा ‘इंजिनाचं काम करा’ असे घाईचे निकाल दिले जातात. दोन्ही अंदाजच. स्विच काढून त्याच जागी दाबाचं गेज बसवणं हे थोड्या वेळाचं काम आहे. आकडा चांगला आला तर स्विच खराब, आणि तो स्वस्तात बदलून मिळतो. थंड इंजिनात दाब ठीक पण गरम झाल्यावर आयडलिंगला पडत असेल, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलेत. सगळ्याच वेगांना कमी असेल तर पंप, जाळी किंवा पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा.

जाड ऑइल ओतून दिवा दडवण्याचा उपाय सर्रास चालतो. तो उपाय नव्हे, लपवाछपवी आहे. ओम्नीचं उत्पादन 1984 साली सुरू झालं आणि 2019 मध्ये थांबलं. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या हात बदललेल्या आहेत. जुनी व्हॅन घेताना किल्ली फिरवून हा दिवा लागतो का ते पाहा. लागत नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कोणी मुद्दाम काढून ठेवलीय.

शाळेची मुलं आणि भाविक वाहणाऱ्या व्हॅनमालकांना एवढंच सांगणं आहे: इंजिन उतरवायला परवानगी देण्याआधी गेज लावून थंड आणि गरम इंजिनाचे दोन्ही आकडे मेकॅनिककडून लिहून घ्या.