स्वातंत्र्याचे हप्ते

बँकेत माझी उभी हयात कर्जप्रकरणे पाहण्यात गेली. आधी पैसा ऋणकोच्या हाती पडतो आणि मग हप्ते सुरू होतात, हा त्या धंद्यातला पहिला धडा. पण स्वतःसाठी एक पैही न मिळता एका अख्ख्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या हप्ते भरले, हे निवृत्तीनंतर वाचले आणि मी सुन्न झालो. तो देश म्हणजे हैती.

नकाशात क्यूबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला बेट दिसते. त्याचा पश्चिमेकडचा सुमारे एक तृतीयांश भाग हैतीचा, उरलेला डोमिनिकन रिपब्लिकचा. हैतीचे क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर. मूळच्या ताइनो लोकांनी या भूमीला 'आयिती', म्हणजे डोंगराळ प्रदेश, म्हटले. 'डोंगरांपलीकडे पुन्हा डोंगर' ही तिथली म्हण.

१४९२ मध्ये कोलंबस आला आणि काही दशकांतच ताइनो जवळजवळ नामशेष झाले. १६९७ च्या तहाने पश्चिम भाग फ्रान्सकडे गेला. तिथल्या ऊस-कॉफीच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबू लागले. त्यांची संख्या पुढे पाच लाखांच्या घरात गेली. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ते उठले. एके काळी स्वतः गुलाम असलेला तूसाँ लूव्हर्त्यूर त्यांचा नेता. फ्रेंचांनी त्याला पकडून नेले. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या थंडगार किल्ल्यात तो कैदेतच मेला. पण त्याचा सहकारी देसालीन याने नेपोलियनची फौज हरवली आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले.

१८२५ मध्ये मात्र फ्रान्सच्या चौदा युद्धनौका किनाऱ्याशी आल्या. मागणी होती १५ कोटी फ्रँकची. मळे आणि गुलाम गमावलेल्या मालकांना ही भरपाई! मुक्त झालेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत मोजायची. त्या बदल्यात देशाला मान्यता. पहिल्या हप्त्यासाठी फ्रेंच बँकांकडूनच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातले ६० लाख बँकांनी कमिशन म्हणून आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी कॉफीवरच्या करातून ती फेडता फेडता शाळा, रस्ते, दवाखाने राहूनच गेले. या देण्यापायी काढलेले शेवटचे कर्ज फिटले १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी.

पुढे हुकूमशाही, २०१० चा भीषण भूकंप, २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या, टोळ्यांचा धुमाकूळ. गरिबीचे सारे खापर या एका कर्जावर फोडता येणार नाही. राज्यकर्त्यांचे दोषही थोडे नाहीत. पण खतावणीचे पहिले पान फाडून कोणी हिशेब मांडत नाही. २०२५ मध्ये फ्रान्सने या इतिहासाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. एवढ्याला दोनशे वर्षे लागली.

दर १ जानेवारीला हैतीच्या घरोघरी भोपळ्याचे दाट सूप शिजते. ते रांधायचे गुलामांनी आणि खायचे मालकांनी, असा एके काळचा रिवाज. आज तेच सूप शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून खाल्ले जाते. त्याची किंमत मात्र त्यांनी पुरेपूर चुकती केली आहे.