रिकामें थडगें

थडगें म्हटलें कीं त्याखालीं कोणीतरी चिरनिद्रा घेत आहे, असें आपण धरून चालतों. परंतु अमेरिकेंतील कित्येक गांवांच्या कबरस्थानांत आईबापांच्या थडग्यांशेजारीं मुलाच्या नांवाचा एकादा असाही दगड आढळतो कीं, त्याखालीं केवळ माती असते. हा मुलगा दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून गेला व परत आला नाहीं. अशा दगडावर ‘येथें विसावला आहे’ असें कोरीत नाहींत. ‘याच्या स्मरणार्थ’ एवढेंच कोरतात. सरकार असा दगड विनामूल्य देतें व तो कुटुंबाच्या खासगी जागेंतही बसवितां येतो. मात्र ‘स्मरणार्थ’ हा शब्द त्यावर असावाच लागतो. आम्हांस हा नियम फार आवडतो. दगडानेंही खोटें बोलूं नये!

पायदळांतील शिपाई पडला तर ती जागा बहुधा सोबत्यांस ठाऊक असते. वैमानिकाचें तसें नाहीं. विमान समुद्रांत बुडालें, दाट रानांत कोसळलें, किंवा आकाशांतच फुटलें, तर सांगणार कोण? कधीं वैमानिक हवाई छत्रीनें उतरून शत्रूच्या कैदेंत पडे आणि तें घरीं पुष्कळ दिवसांनीं कळे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धांत १९१८ सालीं असेच बेपत्ता झाले. त्यांची कबर फ्रान्समध्यें मागाहून ओळखूं आली. तेव्हां तारेंतील ‘बेपत्ता’ हा शब्द वाचून आईनें रडावें कीं वाट पाहावी?

या पेचासाठीं अमेरिकेंत १९४२ सालीं कायदा झाला. बेपत्ता मनुष्याचें वेतन चालू राही व त्यांतून घरच्यांस पैसे मिळत. बारा महिने उलटूनही पत्ता न लागल्यास सरकार सर्व पुरावा तपासून त्यास मृत ठरवूं शके. म्हणूनच पुष्कळ नांवांपुढें मृत्यूची जी तारीख दिसते, ती बेपत्ता झाल्यापासून बरोबर एक वर्ष व एक दिवस इतक्या अंतराची असते. वाचणाऱ्यास वाटावें, हा तरुण आणखी वर्षभर जगला. कागदोपत्रीं तो जिवंत होताच. आणि टपालवाला दाराशीं आला कीं घरच्यांच्या मनांतही.

सरकारचीं स्वतःचीं स्मारकेंही आहेत. इंग्लंडांत केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथें एका लांब भिंतीवर पांच हजारांहून अधिक बेपत्तांचीं नांवें आहेत. १५ डिसेंबर १९४४ रोजीं इंग्लंडाहून फ्रान्सला जातांना विमानासह नाहींसा झालेला संगीतकार मेजर ग्लेन मिलर याचेंही नांव तेथें आहे. तो स्वतः विमान चालवीत नव्हता, पण त्याचीही गत तीच झाली. तरीही त्याच्या कन्येनें विनंती केली, आणि १९९२ सालीं आर्लिंग्टनच्या कबरस्थानांत त्याच्या नांवाचा दगड बसला. परदेशांतील भिंतीवर नांव असलें तरी फुलें वाहण्यास जवळची जागा हवी असते.

मागाहून कोणाचे अवशेष सांपडले, तर भिंतीवरील त्याच्या नांवापाशीं ब्राँझचें एक लहानसें फूल बसवितात. शोध अद्यापि चालू आहे; त्या युद्धांतील ७०,००० हून अधिक अमेरिकन अजून सांपडलेले नाहींत. कित्येक दशकांनीं अस्थि ओळखल्या जाऊन त्या कुटुंबाच्या जागेंत आणून पुरल्याचेंही घडतें. पण दगड बसविणारे आईबाप तोंपर्यंत शेजारींच निजलेले असतात.