न्हाणीघरांतील पाहुणी

नागपंचमीची आदली सकाळ. पंचवटींतील आमच्या जुन्या वाड्याच्या न्हाणीघरांतून आजीची हांक आली, "अगं, वाळा निघाला! आधण आणा!" मोरीपाशीं काळ्या दोऱ्यासारखा, वीतभरहि लांब नसलेला एक जीव वळवळत होता. दुसऱ्या दिवशीं पाटावर गंधाचा नाग काढून त्यास दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवावयाचा होता; आणि आज त्याच्या या गरीब भाऊबंदावर उकळत्या पाण्याचें तपेलें रिकामें झालें! वाळा कानांत शिरतो, एवढाच त्याचा अपराध. आणि तोहि ऐकीव.

वास्तविक याच्याइतका निरुपद्रवी साप शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. त्यास विष नाहीं. तोंड इतकें बारीक कीं मनुष्यास चावा घेणें त्यास शक्य नाहीं. शेपटीच्या टोंकास असलेला सूक्ष्म कांटा हातांत धरल्यावर किंचित् टोंचतो, त्यालाच लोक नांगी समजतात. डोळे म्हणजे खवल्यांखालीं झांकलेले दोन ठिपके. उजेड व अंधार यांपलीकडे त्यांस फारसें कांहीं कळत नाहीं. मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं आणि अळ्या हें त्याचें अन्न. ज्या वाड्याच्या तुळया वाळवीनें पोखरल्या, तेथेंच वाळवीच्या वैऱ्यास आम्हीं आधणानें न्हाऊं घालीत होतों! पावसानें बिळांत पाणी भरलें म्हणजे तो कोरड्या जागेच्या शोधांत मोरीवाटे घरांत येतो, इतकेंच.

पुष्कळांस तो गांडूळच वाटतो. पण गांडुळाच्या ओल्या अंगावर वळीं असतात व तें आंखडत-ताणत सरकतें. वाळ्याचें अंग बारीक खवल्यांनीं तुळतुळीत असून तो नागमोडी चालीनें चपळ पळतो. नीट पाहिल्यास इवलीशी जीभहि लवलवतांना दिसते.

वाळा हें नांव मोठें गोड. तान्ह्याच्या पायांतील वाळा, उन्हाळ्यांत माठांत घालावयाचा सुगंधी वाळा, आणि हाहि वाळाच! शास्त्रीय नांव मात्र आपल्या घरांतून ऐकतांना थोडें ओशाळवाणें व्हावें असें आहे. पॅट्रिक रसेल यानें १७९६ सालच्या आपल्या ग्रंथांत कारोमंडल किनाऱ्यावरील या सापाचें वर्णन केलें होतें. त्यावरून १८०३ सालीं दोदँ या फ्रेंच पंडितानें त्याच्या नांवास 'ब्रामिनस' हें पद जोडलें. आज त्यास 'इंडोटायफ्लॉप्स ब्रामिनस' म्हणतात. ब्राह्मणाच्या घरीं ब्रामिनसावर आधण!

याहून मोठें नवल पुढेंच आहे. या जातींत खात्रीलायक नर आजवर सांपडलेला नाहीं. मादी नरावांचूनच अंडीं घालते, आणि त्यांतून निघतात त्या साऱ्या मुलीच, आईच्या हुबेहूब प्रतिकृति! बहुतेक प्राण्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्यांत तीन. त्यामुळें कुंडीच्या मातींतून एकटी मादी परमुलखीं गेली तरी तेथें वंश वाढतो. हवाई बेटांवर मूळचा भूचर साप एकहि नव्हता. तेथेंहि ही रोपांच्या मातींतून १९३० च्या सुमारास जाऊन पोंचली. मॉरिशस, ग्वाम, फ्लोरिडा, जेथें ऊब व ओलावा तेथें हिचें बिऱ्हाड. जगांत इतकी दूरवर पसरलेली भूचर सापाची दुसरी जात नाहीं, आणि इंग्रजींत हिचें नांवच 'कुंडींतला साप' असें पडलें आहे. मोगलाईंत गुलशनाबाद म्हणविणाऱ्या आमच्या नाशकांत कुंड्यांस काय तोटा?

अर्थात् बारीक दिसेल तो प्रत्येक साप वाळाच, असें समजून हात घालूं नये. मण्यारीचें पिल्लूहि बारीक असतें. काळ्या अंगावर पांढरे पट्टे दिसले तर दूर राहून जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. वाळाच असेल तर कागदावर वा सुपलींत घेऊन सावलींतल्या ओल्या मातींत सोडला कीं झालें. क्षणांत दिसेनासा होतो.

कांहीं वर्षांनीं हें सारें मीं आजीस वाचून दाखविलें. विष नाहीं, वाळवी खातो, यांतलें कांहीं तिच्या कानांत शिरलें असें दिसलें नाहीं. पण शेवटचें ऐकून ती हातांतलें फुलवातींचें काम थांबवून म्हणाली, "सगळ्या लेकीच? म्हणजे सासर-माहेर एकच कीं गं ह्यांचें!"

पुढल्या श्रावणांत न्हाणीघरांतून हांक आली ती सुपलीसाठीं.