बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर : मुक्त आणि व्यापारी

गोव्याचे अनुराग म्हामल २०१७ साली ग्रँडमास्टर झाले. २०२० च्या अखेरीस लिऑन मेंडोंसा यांनी वयाच्या १४ व्या वर्षी याच किताबाचा शेवटचा निकष पूर्ण केला. २०२५ ची विश्वचषक स्पर्धाही गोव्यात झाली. पेडण्यातील विर्नोडा किंवा डिचोलीतील साखळी अशा ठिकाणच्या महाविद्यालयात बुद्धिबळ मंडळ सुरू करावयाचे झाल्यास शिक्षकापुढे एक प्रश्न येतो : सॉफ्टवेअर विकत घ्यावे की मोफत मिळणारे वापरावे?

इंजिन आणि पट

या सॉफ्टवेअरचे दोन भाग असतात. चाल शोधते ते इंजिन. पडद्यावर पट दाखवते, डाव साठवते ती दुसरी प्रणाली. २००० साली या दोहोंमधील संवादासाठी यूसीआय हा खुला संकेत प्रसिद्ध झाला. त्यामुळे एकाचे इंजिन दुसऱ्याच्या पटावर चालू लागले. जर्मनीतील चेसबेस कंपनीचे फ्रिट्झ हे व्यापारी सॉफ्टवेअरचे परिचित उदाहरण होय.

मुक्त इंजिनची सरशी

नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांनी ग्लाउरुंग हे मुक्त इंजिन लिहिले. त्याच्या आधारे इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ साली स्टॉकफिश सिद्ध केले. २०१३ पासून जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांचा वेळ त्याच्या चाचणीसाठी देतात. प्रत्येक सुधारणा हजारो डावांत तपासूनच स्वीकारली जाते. एवढी संगणकशक्ती उभी करणे एकट्या कंपनीला सोपे नाही. त्यामुळेच विकत मिळणारी इंजिने मागे पडली.

'मुक्त' म्हणजे बेवारस नव्हे

स्टॉकफिशचा जीपीएल परवाना विक्रीस मनाई करीत नाही. मात्र विकणाऱ्याने मूळ आज्ञावली खुली ठेवावी आणि ग्राहकालाही तेच हक्क द्यावेत, अशी त्याची अट आहे. चेसबेसने २०२१ साली विक्रीस आणलेले फॅट फ्रिट्झ २ हे स्टॉकफिशवर आधारित होते. अटी मोडल्याचा आरोप करून स्टॉकफिशकारांनी जर्मनीत दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार फॅट फ्रिट्झ २ व हूडिनी ६ यांची विक्री थांबली आणि स्टॉकफिशचा अंश असलेले काहीही एक वर्ष न विकण्याचे कंपनीने मान्य केले.

शिक्षकांसाठी

व्यापारी सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरले, असा याचा अर्थ नाही. निवडक डावांचे संग्रह, टिपा आणि तयार पाठ यांसाठी त्याला मोल आहे. परंतु त्याचा परवाना साधारणपणे ठरावीक संगणकांपुरता असतो. समजा, प्रयोगशाळेत २० संगणक आहेत. एकच प्रत विकत घेऊन ती सर्वांवर उतरविणे बेकायदेशीर ठरते. शिवाय विद्यार्थीही तेच शिकतात. स्टॉकफिश मात्र वीसही संगणकांवर घालता येते आणि विद्यार्थ्याला घरी देता येते. संगणकशास्त्राच्या वर्गात त्याची आज्ञावलीही वाचता येते.

म्हणून प्रथम मुक्त इंजिन घ्यावे, आणि निधी असल्यास तो पुस्तके, पट-सोंगट्या व मार्गदर्शकाच्या मानधनावर खर्च करावा. इंजिन उत्तम चाल सांगते. ती उत्तम का, हे समजावून देण्याचे काम शिक्षकाचेच राहते.