तरफेची रायफल : काडतुसे भरण्याच्या रीती

चापाभोवतालची तरफ खाली ओढली की उडालेल्या काडतुसाचे रिकामे कवच बाहेर फेकले जावे आणि ती वर मिटली की नवे काडतूस नळीत बसावे, अशी ज्या बंदुकीची रचना असते तिला तरफेची रायफल म्हणतात. परंतु बंदुकीतील साठा केव्हा तरी संपतोच. तो पुन्हा भरेपर्यंत सैनिक असहाय असतो. म्हणून काडतुसे कोठून व कशी भरावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दोन रीती प्रचारात होत्या. स्पेन्सर रायफलीच्या दस्त्यात ७ काडतुसांची नळी असे व ती मागून भरीत. हेन्री रायफलीत (१८६०) सुमारे १६ काडतुसे मावणारी नळी पुढे, बंदुकीच्या नळीखाली होती. तिच्यातील स्प्रिंग पुढे दाबून टोकाचा भाग बाजूस फिरवावा लागे व मग तोंडाकडून काडतुसे आत सोडावी लागत. इतका वेळ बंदूक झाडता येत नसे. शिवाय त्या नळीला खालून लांब फट असल्यामुळे आत धूळमाती शिरे.

१८६६ च्या विंचेस्टर रायफलीत नेल्सन किंग याने हे दोन्ही दोष दूर केले. नळी बंद झाली आणि बंदुकीच्या उजव्या बाजूस स्प्रिंगची लहानशी झडप आली. तिच्यातून एकेक काडतूस आत ढकलता येई. दोन-चार बार काढल्यावर तेवढीच भर घालावी व बंदूक सदैव सज्ज ठेवावी, हे आता शक्य झाले.

नळीचा एक दोष मात्र उरलाच. तिच्यात काडतुसे एकामागे एक असतात, त्यामुळे मागील गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या बुडाला टेकते. मध्यभागी स्फोटक टोपी असलेल्या काडतुसांमागे अणकुचीदार गोळी आली, तर धक्क्याने नळीतच स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून अशा रायफलींत चपट्या टोकाच्या गोळ्या वापरीत.

१८९५ च्या विंचेस्टर रायफलीत जॉन ब्राउनिंग याने नळी सोडून पेटी योजिली. तिच्यात काडतुसे एकावर एक राहतात व वरून भरतात. पहिल्या महायुद्धात रशियासाठी बनविलेल्या अशा रायफलींत पाच काडतुसांची पट्टी एका दाबात रिकामी करण्याचीही सोय होती. पेटीत टोकदार गोळी निर्धोक राहते. परंतु साठा थोडा असतो.

बाजूच्या झडपेची रीत शिकारी रायफलींत आजही टिकून आहे. मऊ, लवचिक टोकाच्या गोळ्या निघाल्यामुळे नळीचा जुना धोकाही बराच ओसरला आहे.