पिशवीचं खत, दुधाची फिल्म आणि बुरशीचा खोका

वेफर्स पाच मिनिटांत फस्त होतात, त्यांचं पाकीट मात्र आपल्या नातवंडांनंतरही उरतं. काम झालं की भाजीच्या देठांबरोबर कुजून खत होईल, असं पाकीट बनवायला जगभरात दूध, मका, शेवाळ, बुरशी, जिवाणू असं काय काय कामाला लागलंय पाहा!

वाइन सांडली, सेलोफेन सापडलं
जाक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने टेबलक्लॉथवर वाइन सांडलेली पाहिली आणि डागच न पडणारं कापड करायचं ठरवलं. कापडावर दिलेला सेल्युलोजचा लेप इतका कडक झाला की पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. १९०८ मध्ये त्यातूनच सेलोफेन साकारलं. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि वरून दुसरा लेप नसेल तर मातीत कुजतं. आज भेटवस्तूवर गुंडाळला जाणारा चकचकीत कागद मात्र बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो.

जिवाणूंच्या पोटातलं प्लास्टिक
काही जिवाणूंना कर्ब भरपूर आणि नत्र कमी मिळाला, की आपल्या अंगावर चरबी चढावी तसे ते पोटात पीएचबी नावाचा प्लास्टिकसारखा पदार्थ साठवतात. फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतल्या मोरिस लेमुआन यांनी १९२६ मध्ये तो शोधून काढला. पीएचबीची खासियत अशी, की तो मातीत कुजतो आणि समुद्रातही. म्हणूनच इतक्या वर्षांनीही संशोधकांनी त्याचा पिच्छा सोडलेला नाही. अडतं ते किमतीवर.

कानठळ्या बसवणारं पाकीट
दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्ल साखळीत गुंफलं की पीएलए हे प्लास्टिक तयार होतं. मक्यातल्या साखरेपासून ते बनवणारा मोठा कारखाना अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी २००२ मध्ये सुरू झाला. पुढे ‘सनचिप्स’च्या वेफर्सना पीएलएचं कंपोस्टेबल पाकीट मिळालं, पण ते भयंकर वाजायचं! एका वैमानिकाने मोजलं तर आवाज भरला ९५ डेसिबल. ग्राहकांनी फेसबुकवर तक्रारींचा गट काढला आणि २०१० मध्ये अमेरिकेत बहुतेक चवींसाठी कंपनीने जुनं पाकीट परत आणलं.

त्याच खडखडाटामागचं रसायन
पीएलए साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. त्याखाली ते काचेसारखं ताठ राहतं, म्हणून पाकीट खडखडतं. आणि नेमकं म्हणूनच ते घरच्या कुंडीत कुजतही नाही! मोठ्या खतप्रकल्पात ढीग तापून ५८-६० अंशांवर पोचतो. तिथे आधी ऊब आणि ओलावा पीएलएच्या साखळ्या तोडतात, मग जिवाणू उरलेल्याचा फडशा पाडतात. पाकीट कशाचं आहे, याइतकंच ते शेवटी जातं कुठे हे महत्त्वाचं ठरतं ते यामुळे.

आठवडाभरात उगवणारा खोका
एबेन बायर आणि गॅव्हिन मॅकिंटायर या दोघा अमेरिकन तरुणांनी २००७ मध्ये ‘इकोव्हेटिव्ह’ कंपनी काढली. त्यांचं तंत्र असं: शेतातला काडीकचरा साच्यात भरायचा आणि त्यात बुरशी सोडायची. आठवडाभरात बुरशीचे तंतू सगळ्या काड्या घट्ट बांधून टाकतात. मग भट्टीत तापवून वाढ थांबवायची. थर्माकोलऐवजी वापरता येणारा हलका आणि मजबूत खोका तयार! संगणक बनवणाऱ्या ‘डेल’ने २०११ मध्ये आपल्या सर्व्हरच्या पॅकिंगसाठी तो वापरायला घेतला.

बाटली नको, बुडबुडा घ्या
२०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना पेय मिळालं ते समुद्री शेवाळाच्या इवल्याशा पिशव्यांमधून. अशा ३० हजारांहून अधिक पिशव्या वाटल्या गेल्या. तोंडात टाकायची, चावायची आणि गिळून टाकली तरी हरकत नाही. ती बनवणाऱ्या ‘नॉटप्ला’ला २०२२ मध्ये पर्यावरणासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. शेवाळाला शेत, खत, गोडं पाणी काहीच लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

दुधाचं पाकीट, ज्वारीचा चमचा
अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दुधातल्या केसिन प्रथिनापासून खाता येणारी फिल्म सादर केली. ऑक्सिजन अडवण्यात ती नेहमीच्या प्लास्टिकच्या ५०० पट सरस असू शकते, असं त्यांनी सांगितलं. मात्र दमट हवेत ती टिकत नाही, म्हणून बाहेरून आणखी एक आवरण लागतं. आपल्याकडे हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी ज्वारी, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचे भाजलेले चमचे बाजारात आणले. जेवा आणि चमचाही खा!

लाडूपासून जेजुरीपर्यंत
तिरुमलाच्या प्रसादाच्या लाडवांसाठी २०२१ मध्ये मका-स्टार्चच्या पिशव्यांचं विक्री केंद्र सुरू झालं. या पिशव्या विकसित केल्या संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओने! आणि खंडोबाच्या जेजुरीत ‘प्राज इंडस्ट्रीज’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएलएसारखे जैवपॉलिमर बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. साखरेचं आगर असलेल्या महाराष्ट्राला यात मोठी संधी आहे.

विरीलाही परीक्षा चुकत नाही
पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, गळून पडलेली विरी (पानाचा रुंद देठ) गरम साच्यात दाबली की झाली ताटली, ना डिंक ना रसायन. पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने या ताटल्यांना हरकत घेतली. सुपारीच्या झाडातली अपायकारक अल्कलॉइड द्रव्यं अन्नात उतरू शकतात, हे त्यांचं कारण. वस्तू निसर्गातून आली तरी अन्नाला ती सुरक्षित आहे का, हे वेगळं तपासावंच लागतं.

चाळणी, कर्ब आणि कोंब
कंपोस्टेबल हा शिक्का फुकट मिळत नाही. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाप्रमाणे ८४ दिवसांनी नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. वर १० टक्क्यांहून जास्त उरला की नापास. १८० दिवसांत ९० टक्के कर्बाचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. शेवटी त्या खतात बी पेरून कोंब नीट फुटतात का, तेही पाहतात.

तीन वर्षांनीही भाजी आणा!
इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने काही पिशव्या मातीत पुरल्या, काही समुद्रात बुडवल्या, काही उघड्या हवेत टांगल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. जैवविघटनशील म्हणवणारी पिशवी मातीत आणि समुद्रात तीन वर्षं काढूनही खरेदीचं ओझं पेलत होती! कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत मात्र २७ महिन्यांनीही तिचे अवशेष होते.

मिलानची युक्ती
इटलीत १ जानेवारी २०१८ पासून सुटी फळं आणि भाजी घालायच्या पातळ पिशव्या कंपोस्टेबल असणं सक्तीचं आहे. मिलानने तर २०१२ पासून घरोघरचा ओला कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली होती आणि २०१४ पर्यंत सगळं शहर त्यात आलं. त्यामुळे भाजी घेऊन घरी आलेली पिशवीच ओल्या कचऱ्याची पिशवी होते आणि कचऱ्यासकट थेट प्रकल्पात पोचते. पिशवी आणि व्यवस्था दोन्ही जोडीने उभ्या केल्या, म्हणून हे साधलं.

आपल्या हातात काय?
- पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि १७०८८ हा आकडा शोधा. नुसती हिरवी पानं छापलेली पिशवी पुरावा म्हणून धरू नका.
- कंपोस्टेबल पिशवी सुक्या कचऱ्यात टाकू नका. तिथे ती पुनर्वापराचं चांगलं प्लास्टिक बिघडवते.
- ओला कचरा तापत्या खतप्रकल्पात जातो का, हे सोसायटीला आणि पालिकेला विचारा. जात नसेल तर तशी मागणी लावून धरा.
- आणि बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. जी पिशवी शंभर वेळा वापरता येते, तिच्या खताची घाई नसते.