भगोरियाच्या हाटात एक दिवस

आमच्या घरात दारूचा विषय निघाला की अज्जी उठून देवघरात जाऊन बसायची. थोरल्या काकांचे शेत, घर आणि शेवटी जीवही बाटलीनेच नेला. म्हणूनच होळीच्या आठवड्यात देवासला गेलो असताना तिथल्या आत्यांनी "उद्या भगोरिया बघायला चला, ताडी-मोहाचा सण आहे," असे म्हटले, तेव्हा मी आधी चुलतभावाकडे पाहिले. थोरल्या काकांचा मुलगा तो. क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "जाऊया की. बघायला काय हरकत?"

देवास आपल्याला परके नाही. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये इथे आले आणि इथलेच झाले. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. धारचे पवारही मराठेच. त्यामुळे माळव्यात आजही घराघरांत मराठी कानी पडते. आत्यांच्या मराठीला मात्र आता हिंदीचा हेल आला आहे. आपल्या मराठीला कानडीचा आहे तसाच.

पहाटे निघून इंदूर, धार मागे टाकत गंधवानीच्या बाजूला पोहोचलो. होळीच्या आधीचे सात दिवस पश्चिम माळवा-निमाडात ज्या गावचा आठवडी बाजार, त्या गावी त्या दिवशी भगोरिया असतो. एकेका गावच्या बायका एकाच रंगाच्या लुगड्यांत, अंगावर चांदीचे दागिने. पाळणे, गुलाल, पानाचे ठेले आणि माणसाच्या कमरेएवढे मांदल घेऊन नाचणारी पोरे. मुले-मुली इथे पळून जाऊन लग्ने करतात, अशी वर्णने आपण वाचलेली असतात. तिथल्या शिकलेल्या भिल्ल तरुणांना ती मुळीच आवडत नाहीत. "हा आमचा होळीचा बाजार आहे, तमाशा नाही," असे एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने मला सुनावले. प्राध्यापक असूनही मी मुकाट्याने ऐकून घेतले.

बाजाराच्या कडेला ताडी मांडली होती. ताडाच्या तुऱ्याला काप देऊन रात्रभर मडके बांधायचे, पहाटे उतरवायचे. सकाळी रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आपोआप आंबतो आणि चढू लागतो. मी सकाळचा एक घोट घेतला. नारळपाण्यासारखा, किंचित उग्र. आपल्याकडची शिंदी आठवली.

चुलतभावाने मान हलवून नको म्हटले. विकणाऱ्या म्हातारीने आग्रह केला नाही की राग मानला नाही. तिने ओच्यातून मूठभर सुकी मोहाची फुले काढून त्याच्या हातावर ठेवली. "हे खा, याने काही होत नाही." मनुकांसारखी गोड होती.

मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री गळतात आणि बायका-पोरे उजाडायच्या आत ती वेचतात. ती वाळवून खातात, विकतात, आंबवून दारूही गाळतात. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आपल्या इलाख्यात हा घरचा व्यवहार ठेकेदाराच्या दुकानात नेला. मध्य प्रदेशात आज आदिवासी कुटुंबांना घरच्यापुरती दारू गाळायची सूट आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून बाजारात आणायचे ठरवले, आणि शेजारच्या अलिराजपूर जिल्ह्यात ती तयारही होऊ लागली. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत तिकीट काढून वाइनचे महोत्सव भरतात, मग मोहानेच काय पाप केले, हा प्रश्न रास्त आहे.

पण लेख इथे संपवला तर तो खोटा ठरेल. दुपारी परतताना रस्त्याकडेला एक माणूस निपचित पडलेला दिसला. उशाशी त्याची बायको, मांडीवर मूल, नव्या लुगड्यावर गुलाल. ती त्याला उठवत नव्हती, नुसती बसून होती. चुलतभावाने गाडी थांबवायला लावली. पाण्याची बाटली आणि मुलासाठी घेतलेली शेव तिच्याजवळ ठेवून तो परत आला. धार येईपर्यंत कोणीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "आईपण अशीच बसायची."

सण वाईट नव्हता, म्हातारी वाईट नव्हती, झाड तर नव्हतेच. तरी ती बाई तिथे बसली होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी झाकणे मला तरी जमत नाही.

घरी आल्यावर त्याने फुलांची पुडी काकूंपुढे ठेवली. काकूंचे माहेर धारवाडकडचे. त्यांनी वास घेतला आणि चेहरा उजळला. "इप्पे हूवु! आमच्या देवळात याच्या बियांच्या तेलाचा दिवा असायचा रे." मग थोड्या वेळाने विचारले, "याचीच दारू करतात ना?" चुलतभावाने मान हलवली.

काकूंनी फुले डब्यात भरली आणि डबा देवघराच्या फळीवर ठेवला.